कागद झाला, जामीन कोण?



गव्हाची पेरणी बहुतेक ठिकाणी उरकली असेल. पहिले पाणी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीपासून अठरा ते एकवीस दिवसांच्या आत द्यायला चुकू नका, एवढे सांगतो आणि आज जरा बांधाबाहेरचा विषय घेतो.

गेल्या महिन्यात माती परीक्षणाच्या कामासाठी एका गावी गेलो होतो. नमुने घेऊन झाले, पारावर चहा आला. वर्तमानपत्र चाळत बसलेल्या एका आजोबांनी मला विचारले, "साहेब, ही मोठमोठी राष्ट्रे तहाच्या कागदावर सह्या करतात, हात मिळवतात, फोटो काढून घेतात. आणि पुन्हा लढाया आहेतच. मग त्या कागदाचा उपयोग काय?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर उत्तर तोंडाशी नव्हते. घरी आल्यावर जुनी पुस्तके काढली. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर ज्या एका कागदात सापडते, तो सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला आहे.

पण त्याआधी आमच्या विहिरीची गोष्ट ऐका. आमची विहीर सामाईक, चार हिस्सेदारांची. माझ्या आजोबांच्या हयातीत चौघांनी मिळून स्टँपपेपरवर कागद केला. त्यात मुख्य कलमे दोनच. कोणी कोणाची पाळी मोडू नये, हे एक. तंटा उद्भवल्यास सामोपचाराने मिटवावा, हे दुसरे. पाळी मोडली तर काय, पंच कोण, दंड किती, यातले काहीही त्यात नाही. पाऊसपाणी ठीक होते तोवर कागद पेटीत पडून राहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, म्हणून हे सारे वडिलांच्या तोंडून ऐकलेले. विहीर तळाला गेली आणि एका हिस्सेदाराने रात्री इंजिन चालू केले. सकाळी विचारायला गेले तर म्हणाला, "मी पाळी मोडली कुठे? माझा ऊस जळत होता, तो वाचवला." पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

आता अमेरिकेकडे वळू. पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन होते. १९१६ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने कशावर जिंकली, तर यांनी देशाला लढाईबाहेर ठेवले या प्रचारावर. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका लढाईत उतरली. दीड वर्षात तिचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक मेले, त्यांतले निम्म्याहून अधिक रोगराईने. ही पोरे कुठली? बरीचशी गहू-मका पिकवणाऱ्या खेड्यापाड्यांतली. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या प्रत्येक अध्यक्षाला तो मोजावा लागला.

लढाई संपल्यावर विल्सन यांनी राष्ट्रसंघाची योजना मांडली. तिच्या दहाव्या कलमाचा अर्थ असा होता की, एका सभासद राष्ट्रावर कोणी चाल करून गेले तर बाकीच्यांनी त्याची जमीन आणि स्वातंत्र्य राखायचे. म्हणजे सर्वांनी सर्वांना जामीन राहायचे. सोसायटीच्या कर्जाला जामीनदार राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सही करताना हात हलका असतो, वसुलीची नोटीस येते तेव्हा जड होतो.

छोट्या राष्ट्रांना आपला कारभार आपण करण्याचा हक्क असावा, असे विल्सन म्हणत होते, आणि ते आपल्याकडेही पोचले होते. लोकमान्य टिळक त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न मांडला. विल्सन यांच्या कचेरीतून पोच आली, ती योग्य वेळी योग्य ते अधिकारी याचा विचार करतील अशा अर्थाची. अशी उत्तरे सरकारी टपालात आजही मिळतात, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही.

राष्ट्रसंघाच्या तहाला अमेरिकेच्या सिनेटची दोन-तृतीयांश मते लागत होती. सिनेटमधील विरोधी नेते लॉज म्हणाले, दहाव्या कलमाला अटी घाला. आमची पोरे कुठे पाठवायची ते आमची संसद ठरवील. विल्सन अडून बसले. सप्टेंबर १९१९ मध्ये ते आगगाडीने देशभर भाषणे करत फिरले, वाटेत प्रकृती ढासळली, आणि परत आल्यावर ऑक्टोबरमध्ये अर्धांगाचा झटका आला. तरी अंथरुणावरून त्यांनी आपल्या पक्षाच्या सभासदांना बजावले की अटी घातलेला तह मान्य करू नका. १९ मार्च १९२० रोजी शेवटचे मतदान झाले, ४९ विरुद्ध ३५. सात मते कमी पडली. राष्ट्रसंघ अमेरिकेच्या अध्यक्षाने उभा केला आणि अमेरिकाच त्यात गेली नाही. मला विचाराल तर अटी मान्य करून अर्धी भाकरी पदरात घ्यायला हवी होती. पण विल्सन हे पहिले प्राध्यापक, मग राजकारणी. असो.

नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकीत मतदारांनी कौल दिला. हार्डिंग मोठ्या फरकाने निवडून आले. त्यानंतर तिथल्या कोणत्याही पुढाऱ्याने जामीन राहण्याचे नाव काढले नाही. शांतता मात्र सर्वांनाच हवी होती. तेव्हा जामीन न राहता शांतता कशी मिळेल, याची शोधाशोध सुरू झाली.

पहिला प्रयत्न चांगला होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये हार्डिंग यांनी वॉशिंग्टनला आरमारी परिषद बोलावली. त्यांचे परराष्ट्रमंत्री ह्यूज यांनी पहिल्याच दिवशी गोल गोल न बोलता सांगून टाकले की अमेरिका तीस मोठी युद्धजहाजे मोडीत काढायला तयार आहे. काही बांधलेली, काही बांधणीत असलेली. तुम्ही किती काढता बोला. अमेरिका आणि ब्रिटन पाच-पाच, तर जपान तीन, असे मोठ्या जहाजांचे प्रमाण ठरले आणि जहाजे खरोखर मोडली गेली. हे जमले कारण जहाज मोजता येते. मनातला हेतू मोजता येत नाही.

नंतर कूलिज यांचा काळ आला. एप्रिल १९२७ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांनी अमेरिकन जनतेला उद्देशून निवेदन काढले की आपण दोघे एकमेकांशी कधीही लढणार नाही असा करार करू. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांना यातली खोच कळली. दोघांचाच करार म्हणजे उद्या फ्रान्स-जर्मनीचे जुंपले तर अमेरिका फ्रान्सच्या दावणीला बांधलेली. केलॉग मिनेसोटा प्रांतात शेतावर वाढलेले, शाळा थोडीच झालेली, एकोणिसाव्या वर्षी वकिलाच्या कचेरीत राहून कायदा शिकलेले. स्वभाव तापट, पण व्यवहार पक्का. त्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये उलट उत्तर पाठवले की आपण दोघेच कशाला, सर्व राष्ट्रांनीच सही करू. आता ब्रियाँ यांना नाही म्हणता येईना. शांततेला नको कसे म्हणायचे?

२७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसला पंधरा राष्ट्रांनी सह्या केल्या. पहिली सही जर्मनीच्या श्ट्रेझमान यांची. ते इतके आजारी होते की पुढच्या वर्षी गेलेच. सह्यांसाठी केलॉग यांना सोन्याचे पेन भेट मिळाले होते. करारात मुख्य कलमे दोनच. राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा आम्ही त्याग करतो, हे एक. आपसांतले तंटे शांततेच्या मार्गानेच सोडवू, हे दुसरे. मोडले तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांनी आपल्याकडे ठेवलाच होता, आणि स्वसंरक्षण कशाला म्हणायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. ब्रिटनने तर लेखी कळवले होते की जगाच्या काही भागांत आमचे खास हितसंबंध आहेत, तिथे आमचा हात मोकळा राहील.

हे वाचताना मला आमच्या पेटीतला स्टँपपेपर आठवला.

केलॉग यांना हे कळत नव्हते असे समजू नका. पण दंडाचे कलम घातले असते तर सिनेटने तो कागद फेकून दिला असता आणि खेड्यापाड्यांतल्या मतदारांनी त्यांच्या पक्षाला घरी बसवले असते. त्या मतदारांनाही मी दोष देत नाही. ज्या घरातला मुलगा फ्रान्सच्या मातीत पुरला गेला, त्या घराला दुसरा मुलगा जामीन ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगणार? सिनेटने १५ जानेवारी १९२९ रोजी करार ८५ विरुद्ध १ मताने मंजूर केला. आणि पुढच्याच महिन्यात त्याच सिनेटने पंधरा नव्या क्रूझर युद्धनौका बांधायला संमती दिली! केलॉग यांना मात्र १९२९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यातला तुमच्या-माझ्या धंद्याचा भाग येतो.

युद्धाच्या काळात अमेरिकेत गव्हाला सरकारने बुशेलला दोन डॉलरच्या वर हमीभाव दिला होता. एक बुशेल म्हणजे आपले सत्तावीस किलो. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, गवताळ राने फोडली. लढाई संपली, युरोपची शेते पुन्हा पिकू लागली आणि १९२१ साली भाव एका डॉलरच्या आसपास आला. कर्ज होते तेवढेच राहिले. जादा गहू सरकारने उचलून परदेशी विकावा असा कायदा संसदेने १९२७ आणि १९२८ असा दोनदा मंजूर केला, आणि कूलिज यांनी दोन्ही वेळा नामंजूर केला. शहरे नाचत होती, खेडी बुडत होती.

मार्च १९२९ मध्ये हर्बर्ट हूवर अध्यक्ष झाले. हूवर हे आयोवा प्रांतातल्या लोहाराचे पोर, दहा वर्षांचे होण्याआधीच आईबाप दोघेही गेलेले. महायुद्धात उपाशी बेल्जियमला त्यांनी धान्य पुरवले. १९२१ च्या रशियातल्या दुष्काळात, तिथले सरकार मुळीच आवडत नसताना, त्यांच्या संस्थेने ऐन भरात रोज एक कोटीच्या आसपास माणसांना जेवू घातले आणि पेरणीला बियाणेही दिले. भुकेची जाण असलेला याच्याइतका दुसरा माणूस त्या खुर्चीवर बसला नसेल. २४ जुलै १९२९ रोजी करार अंमलात आल्याची घोषणा त्यांनीच केली. तीन महिन्यांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

हूवर यांनी पन्नास कोटी डॉलरचे शेती मंडळ नेमले. मंडळ भाव सावरण्यासाठी गहू विकत घेत सुटले. पण पेरा किती करावा यावर बंधन नाही, तेव्हा शेतकऱ्याने आणखी पेरला. १९३१ च्या मध्यापर्यंत मंडळाच्या गोदामात पंचवीस कोटी बुशेलच्या वर, म्हणजे सुमारे सत्तर लाख टन गहू साठला. १९३२ मध्ये शेतकऱ्याच्या हाती बुशेलमागे ३८ सेंट पडत होते. मध्यंतरी शेतकऱ्याला दिलेल्या वचनापायी परदेशी मालावर जकात वाढवायचा कायदा पुढे आला. कारखानदारांनी त्यात आपापला माल घुसवला. एक हजारावर अर्थशास्त्रज्ञांनी सही करू नका म्हणून विनवले. जून १९३० मध्ये हूवर यांनी सही केली. इतर देशांनीही मग आपली दारे लावून घेतली. अमेरिकेचा गहू बाहेर जाईना, युरोपचा माल आत येईना, आणि युरोपने अमेरिकेचे युद्धकर्ज फेडायचे कशातून? जून १९३१ मध्ये हूवर यांना या कर्जांच्या वसुलीला एक वर्षाची स्थगिती द्यावी लागली. ते पाऊल शहाणपणाचे होते, पण उशिरा पडले.

याच सुमारास जपानच्या खेड्यांत काय चालले होते ते पाहा. तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारे आता आपल्याकडेही आहेत, त्यांना हे चटकन कळेल. जपानच्या लाखो शेतकरी कुटुंबांचा रोख पैसा रेशमातून येई, आणि ते रेशीम मुख्यत्वे अमेरिकन बायकांच्या पायमोज्यांसाठी जाई. मंदीत पायमोजे कोण घेतो? १९३० साली रेशमाचा भाव कोसळला. त्या वर्षी भाताचे पीक उत्तम, म्हणून त्याचाही भाव पडला. पुढच्या वर्षी उत्तर भागात थंडीने भात गेला. काही घरांनी पोटच्या मुली विकल्या. सैन्यातले शिपाई याच घरांतले होते. मंचूरियाची सुपीक जमीन घ्या, मग भूक मिटेल, असे तिथले लष्करी अधिकारी उघड बोलू लागले.

१८ सप्टेंबर १९३१ रोजी त्यांनी मंचूरियात रेल्वेरुळावर स्वतःच स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि मुलूख घ्यायला सुरुवात केली. जपानची १९२८ च्या कागदावर सही होती. जपानने उत्तर दिले की हे युद्ध नव्हेच, आम्ही स्वसंरक्षण करत आहोत.

माझा ऊस जळत होता, तो वाचवला!

हूवर यांचे परराष्ट्रमंत्री स्टिम्सन यांना काहीतरी कडक करावे असे वाटत होते. निदान जपानशी व्यापार तोडावा. हूवर म्हणाले, त्यातून लढाई पेटेल. शेवटी ७ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेने कळवले की करार मोडून मिळवलेली जमीन आम्ही मान्य करणार नाही. म्हणजे सातबारावर नोंद होणार नाही, कब्जा मात्र तुमचाच. जपानने कब्जा ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांनी अठ्ठेचाळीसपैकी बेचाळीस राज्ये जिंकली. ज्या आयोवात हूवर जन्मले, तेही गेले. रशियाला जेवू घालणारा माणूस आपल्याच गव्हाच्या ढिगाखाली दबला.

रूझवेल्ट यांनाही तीच अडचण होती. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तिचीही कागदावर सही होती. अमेरिकन संसदेने त्याच वर्षी तटस्थतेचा कायदा करून लढणाऱ्या कोणालाही शस्त्रे विकायला बंदी केली. मग ज्याच्यावर चाल झाली आणि ज्याने केली, दोघेही एका मापात. जानेवारी १९३८ मध्ये तर असा प्रस्ताव आला की देशावर प्रत्यक्ष हल्ला झाल्याखेरीज युद्ध पुकारायचे असेल तर आधी साऱ्या जनतेचे मत घ्यावे. तो चर्चेला घ्यावा की नाही यावर १८८ विरुद्ध २०९ अशी मते पडली आणि तो थोडक्यात बारगळला. केलॉग हे पाहायला नव्हते. ते डिसेंबर १९३७ मध्येच वारले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमाने अमेरिकेच्या आरमारी तळावर बाँब टाकून गेली, तेव्हा मत विचारायचे कारण उरले नाही.

मग तो कागद वाया गेला का? इथे आमच्या विहिरीच्या गोष्टीचा शेवट सांगतो. त्या रात्रीच्या इंजिनावरून कोर्टकचेरी झाली ती अकरा वर्षे चालली. वकिलाच्या फीपायी आमची एक बैलजोडी गेली. पण निकाल लागला तो पेटीतल्या त्याच कागदावर. पाळी ठरलेली होती आणि सही तुझी आहे, एवढेच न्यायाधीशांनी पाहिले. १९४५-४६ मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन पुढाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा आक्रमक युद्ध हा गुन्हाच आहे हे दाखवायला १९२८ चा तोच कागद पुढे ठेवला गेला. तुमच्या देशाने सही केली होती, मग गुन्हा ठाऊक नव्हता असे म्हणू नका. सतरा वर्षे आणि कोट्यवधी मुडद्यांनंतर का होईना, तो कामी आला. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांची घटना लिहिताना कागदाला जामीन जोडण्याचाही प्रयत्न झाला. सुरक्षा समिती नेमली, फौज वापरायचा अधिकार दिला. पण पाच मोठ्यांना नकाराधिकार ठेवला. म्हणजे जामीनदारच थकबाकीदार निघाला तर पंचाईत आहेच.

परवा माती परीक्षणाचे अहवाल वाटायला त्याच गावी पुन्हा गेलो. पारावर बसून आजोबांना हे सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एकच प्रश्न केला, "त्या पंधरांत आपण होतो का?"

होतो. पहिल्याच पंधरांत हिंदुस्थानचे नाव आहे. सही केली लॉर्ड कशेंडन या इंग्रज मंत्र्याने. त्याने ब्रिटनसाठी केली आणि हिंदुस्थानसाठीही त्यानेच केली. आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान लढाईत उतरल्याचे जाहीर केले व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, आपल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. त्याच मुद्द्यावर त्या साली मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग आपला अहवाल उलटसुलट करत म्हणाले, "यात माझ्या रानाला स्फुरद कमी दाखवलंय. हे तरी बरोबर आहे ना?"

बरोबर होते. पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल लिहीन. तोवर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून ठेवा आणि रोज किती पतंग अडकतात ते वहीत लिहीत जा.